वेगळा टॉवेल

प्रिय स्नेहा,

तुला, जावईबापूंना आणि तुझ्या सासूबाईंना जय भीम. आईचं पत्र पाहून घाबरू नकोस, सगळे हातीपायी धड आहेत. फोन सोडून कागद घेऊन बसले, कारण तुझा फोन आला की तुझे बाबा तो स्पीकरवर टाकतात आणि अर्ध्या शेलूबाजारला ऐकवतात. तू दर वेळी विचारतेस, मला न्यायला कधी येता, आणि मी म्हणते, बघू. परवा तू एकदम गप्प झालीस ते मला कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं आणि आईच 'बघू' म्हणते, मग लेकीनं समजावं तरी काय? माझ्या आईनं असं केलं असतं तर मी तिला जन्मभर ऐकवलं असतं.

बाबांची तयारी मात्र जोरात चालली आहे. दसऱ्याला आपली जीप प्रवाशांनी भरून नागपूरला दीक्षाभूमीला न्यायची आणि येताना तुला घेऊन यायचं, हे त्यांनी कुणाला न विचारता ठरवून टाकलंय. तुझ्यासाठी पुढच्या सीटवर मऊ गादी शिवून घेतली. समृद्धी महामार्गावरून गाडी कशी पोटातलं पाणी न हलता येते, हे ते स्टँडवर ज्याला त्याला सांगत सुटलेत. काल मी नुसतं म्हणाले की त्या गर्दीतून तिला कशाला आणता, तर ताटावरून उठायला निघाले. म्हातारपणी माणसाला नातवाचं असं वेड लागतं हे मी ऐकलं होतं, पण आपल्याच घरात पाहायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

आता खरं ते लिहिते. आपल्या घरात नायटा शिरलाय. हसू नकोस, मीही आधी हसलेच होते. दिवसभर घामात सीटवर बसून बाबांना तो आधी जांघेत झाला. सांगायची लाज, म्हणून कुण्या ड्रायव्हरनं सुचवलेली ट्यूब त्यांनी मेडिकलमधून आणली. दोन दिवसांत खाज बंद. मग ती ट्यूब आरशाच्या फळीवर कंगव्याशेजारी राहायलाच आली. प्रसेनजितच्या मानेवर चट्टा उठला, लाव ट्यूब. रूपाच्या पोटावर, मग माझ्या कमरेवर उठला, लाव ट्यूब. तुझा भाऊ आणि वहिनी, दोघंही शिकलेली, पण खाज सुटली की शिक्षण कुठं आठवतं! लावली की चट्टा जायचा, सोडली की पुरीचा भाकरीएवढा होऊन परत यायचा, कडेनं लालबुंद.

शेवटी रूपा हट्टानं आम्हाला वाशीमला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. ट्यूब पाहूनच बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, ही बुरशी आहे, शिळ्या भाकरीवर येते तिचीच बहीण समजा. या ट्यूबनं खाज निजते आणि खाली बुरशी पोसते. गोळ्या बरेच दिवस घ्याव्या लागतील, खाज थांबली तरी घ्याव्या लागतील. टॉवेल, साबण, अंथरूण ज्याचं त्याचं वेगळं करा, कपडे गरम पाण्यात धुवा. आणि उपचार घरातल्या सगळ्यांनी एकदम घ्या, नाहीतर एकाची दुसऱ्याला अशी ती घरातच फिरत राहील. लोणच्याला बुरशी आली तर बरणी उकिरड्यावर रिकामी करता येते. नवऱ्याला कुठं नेऊन टाकू?

कारण ते आलेच नाहीत. बाईमाणसापुढे कपडे सोडणार नाही म्हणाले. पुरुष डॉक्टर शोधला, तर कातडीचा रोग काही जीव घेत नाही म्हणाले. मग मी माझ्या परीनं सुरुवात केली. त्यांच्यासाठी लाल टॉवेल घेतला, साबणाची वडी वेगळी ठेवली, अंथरूण वेगळं घातलं. दुसऱ्या दिवशी तो टॉवेल हातात घेऊन अंगणात उभे राहिले. ओरडले असते तर मी भांडले असते. पण ते अगदी हळू म्हणाले, "लहानपणी लय पाह्यलं वेगळं मडकं, वेगळी कपबशी. वरून टाकलेलं पाणी ओंजळीनं पेलो मी. आता माह्याच घरात मले वेगळं टाकून राह्यली काय?"

बाईंनी सांगितलेलं सगळं मला पाठ होतं, स्नेहा. ते वेगळं आणि हे वेगळं, एवढं मलाही कळतं. पण ज्याच्या ओंजळीत पाणी वरून पडलं, त्याला ते कोणत्या तोंडानं सांगू? तो लाल टॉवेल मीच दोरीवर सगळ्यांच्या टॉवेलांत वाळत घातला. आता ते हाताला येईल त्यानं तोंड पुसतात आणि आम्ही गोळ्या गिळत बसतो. प्रसेनजितनं एकदा विषय काढला, तर त्याच्याशी आठवडाभर अबोला. माझं बरं होत आलं होतं, ते परत आलं, कमरेवर, नाडीच्या जागी. विहारात वंदनेला हात जोडून बसते तेव्हा नेमकी खाज सुटते, डोळ्यात पाणी येतं, आणि शेजारणींना वाटतं हिची केवढी श्रद्धा!

बाईंना मी तुझं विचारलं. त्या म्हणाल्या, पोटुशी बाईला या गोळ्या देता येत नाहीत, आणि तान्ह्या बाळाची कातडी फार कोवळी. घर साफ होईपर्यंत तिला आणू नका. घर कधी साफ होईल, हे मी विचारलं नाही. ते त्यांच्या हातात नव्हतं, आणि माझ्याही नाही.

बाळाच्या अंगाला पहिलं नवं कापड लावायचं नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं जुनेर लावायचं, म्हणजे त्याचं आयुष्य बाळाला लागतं. त्यासाठी माझ्या आईचं सुती लुगडं मी किती वर्षं जपून ठेवलं होतं. यंदा ट्रंक उघडली तर ओलीनं त्यावरही काळे ठिपके. दोनदा उकळलं, उन्हात टाकलं, तरी मन धजलं नाही. म्हणून नवी दुपटी पाठवते आहे. शेजारची नीलिमा नागपूरला लेकीकडे निघाली आहे, तिच्याच हाती. कापड तिनंच घेतलं, शिवूनही तिनंच आणलं. मी लांबूनच पाहिलं, छान झालीत.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. दसऱ्याच्या आधी बाबा फोन करतील, गाडी घेऊन येतो म्हणतील. तू नाही म्हण. डॉक्टरांनी प्रवास बंद केला म्हण, सासूबाई सोडत नाहीत म्हण, काहीही म्हण. ते रुसतील, तुझ्या सासरला नावं ठेवतील, ठेवू देत. पण नायट्याचं नाव काढू नकोस. 'शिवू नका' हे त्यांनी जन्मात पुन्हा ऐकायला नको, लेकीच्या तोंडून तर नकोच. बाळ झाल्यावर ते धावत येतील आणि आधी हात पुढे करतील, तेव्हा काय करायचं हे मला सुचलेलं नाही. तुला सुचलं तर सांग. मला मात्र तू तसं म्हणू शकतेस, मला राग येणार नाही. कागदानं काही होत नाही असं बाई म्हणाल्या, तरी पत्र वाचून झालं की हात धुऊन घे.

तुझीच,
आई