प्लग काढला होता

४ फेब्रु., मंगळ.
दुकानातला मोठा कॉम्प्युटर सकाळी गेला. स्क्रीनच्या पाठीतच सगळं यंत्र असलेला, तेरा वर्षांचा. बटण दाबलं की आत टिक् होतं, मग काही नाही. आणि नेमका लग्नसराईत. बेळंबच्या काकांच्या मुलीची पत्रिका त्यातच अडकली. निम्मी मराठी, निम्मी कानडी, मुलाकडचे आळंदचे म्हणून. नावं तीनदा तपासून झाली होती, नुसती छापायची राहिली होती.
सोलापूरच्या जुन्या सामानवाल्याला फोन केला. पॉवर सप्लाय गेलाय म्हणाला. तसल्याच दुसऱ्या मशीनचा काढलेला आहे, एस.टी.नं पाठवतो.
हे म्हणाले, "येऊ दे, मीच बदलतो. बावीस वर्षं वायरमन हाय, एवढं येत न्हाय का मला?"

६ फेब्रु., गुरु.
उमरग्याच्या दवाखान्यात, बाकावर बसून. अक्षर नीट येत नाही.
पार्सल अकराला आलं. तोवर मी बटण दाबदाबून बघतच होते. काका समोर खुर्चीवर. ह्यांनी काच उतरवली, स्क्रीन उचलून बाजूला ठेवली, आतला जुना सप्लाय धरून ओढला. फट्कन आवाज. हे मागं भिंतीवर. डोळे उघडे, पण बोलेनात. मी नावानं हाक मारली. महादेव. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पहिल्यांदा.
काकांनी कुणाची तरी जीप आणली. डॉक्टरांनी छातीची ई.सी.जी.ची पट्टी काढली, आज ठेवून घेतो म्हणाले. अंगठ्याजवळ काळा डाग, तिळाएवढा. एवढ्याशा जागेतून

७ फेब्रु., शुक्र.
छाती ठीक आहे. दुपारी सोडलं. मुरुमला घरी येईपर्यंत ह्यांचं एकच.
"सुमन, प्लग काढला होता का गं मी?"
मी खिडकीची काच ओढून घेतली.
काढला होता. मी बघितलं. वायर गुंडाळून टेबलावर ठेवली होती. मग मी बोलले का नाही?
मग आपलं आपणच म्हणाले, "विसरलो असणार. न्हायतर करंट येतोय कुठनं."

८ फेब्रु.
इथं तरी खरं लिहावं.
सोलापूरवाल्यानं मंगळवारीच बजावलं होतं. "ताई, प्लग काढला तरी जुन्या सप्लायात करंट साठून राहतो. एक दिवस तसाच राहू द्या. मीटर लावून बघा, मगच हात घाला." मी व्हय व्हय म्हणाले, फोन ठेवला.
गुरुवारी प्लग काढल्यावर हे म्हणत होते, जरा चहा घेतो. मीच म्हणाले, चहा मागनं, आधी एवढं उरका, काका कवाचे बसलेत.
मी विसरले होते असं कुणालाही सांगता येईल. विसरले नव्हते. ह्यांनी स्क्रू काढायला घेतले तेव्हा ते बोलणं आठवलं होतं. वाटलं, एवढ्यानं काय होतंय.
हे वाक्य लिहून मघापासून त्याच्याकडंच बघत बसलेय.

१० फेब्रु., सोम.
हे घरीच. पंखा लावायचा असला तरी मला हाक मारतात. येईल त्याला सांगतात, "प्लग काढायचा विसरलो. वय झालं आता." बावन्न हे काय वय झालं.
संध्याकाळी बसस्टँडमागच्या नव्या घराचं फिटिंग सोडलं. मालक दारात उभा राहून विनवत होता. म्हणाला, दुसरा वायरमन मला नकोच. हे म्हणाले, "ज्याला स्वतःच्या घरातला प्लग आठवत न्हाय, त्यानं दुसऱ्याच्या घरात वायरी ओढू नयेत." आणि अवजारांची पिशवी माळ्यावर टाकली.
मी आत, तव्यापाशी. सगळं ऐकू येत होतं. भाकरी करपली तेव्हा कळलं की मी तिला उलथलंच नाही.
सांगायचं म्हणून दोनदा बाहेर गेले. एकदा पाणी देऊन आले, एकदा नुसतीच.

१२ फेब्रु., बुध.
काका आले होते. पत्रिकेचा विषय काढला नाही, ह्यांना पेरू आणले. जाताना मला हळूच म्हणाले, "दुसरीकडनं छापून घेतो बाई. तुमी मनाला लावून घेऊ नका." त्यांचं हे चांगलं वागणं सोसेना. उद्यापर्यंत थांबा, मी म्हणाले.

१३ फेब्रु., गुरु.
मीच बदलला.
माळ्यावरची पिशवी काढली. मीटर लावला, शून्य. परत लावला, शून्य. तरी हात पुढं जाईना. देवाचं नाव घेतलं नाही, घ्यायला तोंड नव्हतं. शेवटी धरला एकदाचा. काही झालं नाही. नवा बसवला, वायरी होत्या तशा जोडल्या. एक स्क्रू उरला, कुठला ते कळेना. प्लग लावला. बटण दाबलं. स्क्रीन उजळली. पत्रिका होती तशी उघडली. छापायला लावली.
मागं वळले तर हे दारात.
"झाला चालू?"
"व्हय."
"मग आठवडाभर कशाला थांबलीस? त्या काकाचा जीव टांगणीला."
तोंडातून निघून गेलं. "करंट उतरू द्यायचा होता."
"कसला करंट? प्लग तर त्या दिवसापासनं काढलेलाच होता."
"काढला तरी जुन्या सप्लायात राहतो."
हे आत आले. टेबलावरचा जुना सप्लाय लांबूनच बघितला.
"म्हंजे त्या दिवशी मी प्लग काढला होता."
"काढला होता. मी बघितलं होतं."
"तुला कुणी सांगितलं हे, करंट राहतो म्हणून?"
"सोलापूरवाल्यानं."
"कधी?"
प्रिंटरमधून पहिली पत्रिका निम्मी बाहेर आली होती. मी ती धरायला हात पुढं केला.
हे बाहेर जाऊन पायरीवर बसलेत. पाठमोरे. पुन्हा विचारलं नाही. पत्रिका छापून संपल्या, मी अजून आतच आहे.