तक्रार काही नाही

३ जून

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

मामा, कानाचं मशीन मिळावं म्हणून तुम्ही आमच्या माजी सैनिकांच्या कार्यालयात केलेला अर्ज फेटाळला. नात्यातला म्हणून तो माझ्याकडे न येता शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे गेला. पण कारण तुम्हीच लिहून ठेवलंय! सैन्यातून सुटतानाच्या तपासणीत, ठळक अक्षरांत, ‘तक्रार काही नाही’. आता म्हणता, तोफांनी कान गेले. अहो, ते नोकरीतच गेले याचा त्या वेळचा कागद लागतो. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्रातून भांडतेय. राग नसावा.

आपली, भिंगरी

१२ जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

अगं, तक्रार सांगेल त्याला आणखी पंधरा दिवस ठेवून घ्यायचे. माझ्या खिशात घरचं तिकीट होतं! रांगेतल्या सगळ्यांनी तेच लिहिलं. कागद कुठला आणू? मी पत्रं लिहायचो ती फक्त तुझ्या आईला.

काल मामी बाथरूममध्ये घसरली. हाका मारून तिचा घसा बसला आणि मी बाहेर पेपर वाचत होतो. फार लागलं नाही, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते कानाचं मशीन मिळायला हवं होतं गं.

तुझा, मामा

२० जून

ती. मामांस, सा. न. वि. वि.

सापडलं! आईने तुमची सगळी पत्रं जपलीत. एकावर टपालाचा शिक्का स्पष्ट आहे. तोफांच्या सरावानंतर उजव्या कानात रातकिडा ओरडतो, भर दुपारीसुद्धा, असं लिहिलंय तुम्ही. पण त्याच पानावर, आजीच्या आठवणीने पांघरुणात रडलो, कुणाला सांगू नकोस, असंही आहे. अर्धं पान फाडून देता येत नाही. आई म्हणते, त्याचं त्यानेच ठरवावं. मामा, त्या बाई हसणार नाहीत. असली पत्रं वाचताना आम्हीच डोळे पुसत असतो. हो म्हणा ना.

आपली, भिंगरी

१४ डिसेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुला हो कळवलं खरं, पण पुढे कित्येक दिवस लाज वाटत होती. गेल्या महिन्यात निकाल आला. मंजूर! कान तोफांनीच गेले, असं पहिल्यांदा कुणीतरी लिहून दिलं. वाचून रडलो, या वेळी सगळ्यांदेखत.

मशीन बसलं. मामी इतकी वर्षं काय काय पुटपुटत होती ते आता कळतंय, आणि ते फारसं बरं नाही. रातकिडा काही जायचा नाही म्हणतात, पण मामीची हाक ऐकू येते. मशीन बसवणाऱ्याने विचारलं, काही तक्रार? मी म्हटलं, आहे. उजवीकडे जरा टोचतंय.

लोभ आहेच, आता तो फोनवरही करावा.

तुझा, तक्रारखोर मामा