मानपत्रातली कोरी जागा

तीर्थरूप दादास,
शेवंताचा पळसदेवहून शिरसाष्टांग नमस्कार.

मी इकडं सुखरूप आहे. वहिनीचा खोकला थांबला का? म्हैस व्याली का?

परवा इंदापूरला तालुक्याच्या आदर्श शिक्षकाचा सत्कार झाला. तो माझा होणार, असं मीच तुम्हाला कळवलं होतं. झाला आमच्या हेडमास्तर तात्यांचा. आपल्या पणदऱ्यात अजून कुणाला बोलला नसाल तर बरं.

मानपत्र माझ्याच हातचं होतं. तात्या म्हणाले होते, "बाई, तुमचं अक्षर मोत्यासारखं. तुम्हीच लिहा. नावाची जागा तेवढी कोरी ठेवा." भीमेच्या वाळूत टरबुजं राखणाऱ्या अकरा पोरींना तिथंच जाऊन वाचायला शिकवलं, हा मजकूरही त्यांनीच सांगितला. काम माझं, मग नाव दुसऱ्या कुणाचं असेल? माझं नाव माझ्याच हातानं लिहायला लावायचं नसेल, एवढंच वाटलं. दोन वर्षं भाऊबीजेला मी त्यांना ओवाळलंय, दादा.

सभेत ते वाचायलाही मलाच उभं केलं. वहिनीनं दिलेलं जांभळं लुगडं नेसले होते. कोऱ्या जागी तात्यांचं नाव आलं, तेही वाचलं.

समोर पोरींत बसलेली धोंडाबाईची गंगू मोठ्यानं म्हणाली, "बाई, तात्या वाळूवर कवा आलं व्हतं?"

मी डोळे वटारून तिला गप्प केलं. वर्षभर त्या पोरीला मीच सांगत आले होते, कळलं नाही तर भर वर्गात विचारायचं.

वहिनीला जपा.

तुमची धाकटी,
शेवंता