कंदिलाच्या खिळ्याखाली हातभर

बाबा, मी तुमची मुलगी बोलतेय. आधीच सांगून टाकते, कारण मिरची कुठल्या समुद्रावरून आली ते ज्याला पाठ होतं, पण बाजारात नेलेली छत्री घरी आणायची आठवण जन्मात एकदाही झाली नाही, त्या माणसाचा काय भरवसा! वाचता तुम्हाला येत नव्हतं आणि मलाही आलं नाही, हेही विसरला असाल. म्हणून मी बोलते आणि नात लिहिते. तिला बजावलंय, बोलेन तसं लिही, मध्ये शहाणपणा नको. गिरीज गावातल्या आपल्या घराचं आता स्वयंपाकघर तेवढं उभं आहे, बाकीचं पाडलं. तुमच्या चुलीच्या जागी गॅस आहे, त्याच्या शेजारी आम्ही दोघी बसलोय. बाहेर नव्या घराच्या जोत्याच्या फळ्या ठोकतायत. दुपारी काँक्रीटची गाडी येणार. ती यायच्या आत मला एक गोष्ट बोलून टाकायची आहे, आणि मी मुद्दाम लांबण लावतेय हे या मुलीच्या लक्षात यायला लागलंय. सारखी दाराकडे बघते.

याच स्वयंपाकघरात तुम्ही रोज संध्याकाळी एक नवल आणायचात. मुंबईच्या बाजारात केळी उतरवून आलात की पाय धुवायच्या आधी नवल. केळ हे झाड नव्हेच, त्याच्यात लाकडाची काडी नाही, खांब म्हणजे नुसती पानांवर पानं गुंडाळलेली. नारळाला तीन डोळे, पण कोंब एकाच डोळ्यातून येतो, बाकीचे दोन आंधळे. मिरची आपली नव्हे, गोऱ्यांच्या जहाजातून उतरली. त्यावर आई वरवंटा थांबवून म्हणते, "मग त्याच्या आधी आपली मानसं कालवनात काय घालत होती? वाळू?" तुम्ही म्हणता, "मिरी." ती म्हणते, "मग उद्यापासून तीच आना, शेरभर." मी पाटाखाली तोंड घालून हसतेय. पण तुमचा एक नेम होता. नवल सांगून झालं की शेवटी म्हणायचात, हे ऐकलेलं, नाहीतर, हे पायलेलं. मी एकदा विहिरीवर पोरींना सांगितलं, मी दोन शेंड्यांचा माड बघितलाय. बघितला तुम्ही होतात, मी नुसता ऐकला होता. चार बायकांदेखत तुम्ही मला थांबवलंत. "ऐकलं तं ऐकलं म्हन, पायलं तं पायलं म्हन. दोन्ही एका टोपलीत घालू नको." मारलं नाहीत. मारलं असतंत तर विसरले असते.

नातीने तुमची नवलं एकेक करून फोनवर तपासली आहेत. बहुतेक खरी निघाली, मला उगाच अभिमान वाटला. एक मात्र खोटं. मेल्यावरही माणसाची नखं वाढतात, असं तुम्ही सांगायचात. फोन म्हणतो वाढत नाहीत, कातडी आक्रसते म्हणून लांब दिसतात. तुम्ही गेलात त्या दिवशी माणसं खोळंबली होती आणि मी बसून तुमची वीस नखं कापत होते, म्हटलं वाटेत त्रास नको. ते सगळं फुकट. पण त्याला तुम्ही 'ऐकलेलं' म्हणाला होतात, म्हणून माफ केलं.

आता माडाचं सांगते. पडवीसमोरचा माड अजून आहे, कंदील टांगायचा तुमचा खिळाही आहे, गंजून बोटाच्या पेराएवढा उरलाय. आणि खिळ्याच्या खाली ती खाच आहे, माणसाच्या कमरेच्या जरा वर. तुम्ही सांगून गेलात, पुढचं घर बांधाल तेव्हा जोतं या खाचेच्या वर घ्या, पुराचं पानी इथवर आलं होतं. नातू चंदनसारला चौथ्या मजल्यावर राहतो, बायकोला सातवा महिना लागलाय, आणि त्याला पोराला वाडीत वाढवायचंय. खालच्या खोलीत पाळणा बांधणार म्हणतो. त्याने आणलेला कॉन्ट्रॅक्टर जोतं गुडघाभर घेणार होता. मी त्याला माडापाशी नेऊन खाच दाखवली. तो हसून म्हणाला, "आजी, टेन्शन नका घेऊ. तुमच्या लहानपणी ही खाच खाली असणार. झाड वाढलं तशी वर चढली."

"अरे, माड आहे तो, लिफ्ट नव्हे," मी म्हटलं. "माड वाढतो शेंड्याला. खालचं जिथल्या तिथे राहतं. आंब्याला कोयता लागला तर साल भरून येते, माडाला भरून काढता येत नाही. म्हणून तर खाच अजून दिसते."

"हे कोणी सांगितलं?"

"माझ्या बापाने. पाहिलेलं आहे."

नातवाची गत इकडे आड तिकडे विहीर. आठ दिवस घरात तेच. रस्ता दर वर्षी एक थर वर चढतो, वाडी तेवढी खाली जाते, गेल्या दोन पावसाळ्यांत पाणी पडवीला लागून गेलं, हे सगळं बोलून झालं. शेवटी या मुलीने फोन काढला आणि अर्ध्या मिनिटात म्हणाली, "दादा, आजीचं बरोबर आहे." तुमची माझी इतक्या वर्षांची साक्ष राहिली बाजूला! नातू लगेच म्हणाला, जोतं खाचेबरोबर घ्या. सगळे माझ्याकडे बघून हसले. मला तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

कारण बाबा, पुरात खाच पाडली त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला माहीत नाही.

उजाडलंय. मी नऊ वर्षांची. आई माळ्यावर धान्याच्या कणगीला टेकून बसलीय. पाणी घरात, पडवीत, जिकडे बघावं तिकडे. तुम्ही केळीचे चार खांब कामट्यांनी जोडून तराफा केलाय, त्याचा दोर पडवीच्या खांबाला बांधलाय, आणि तुम्हाला मागे उकिरड्याच्या उंचवट्यावर म्हशीचं तोंड पाण्याबाहेर धरायला जायचंय. माझ्या हातात कोयता देऊन तुम्ही म्हणता, "पोरी, पानी चढायचं थांबलंय. माडावर पान्याच्या रेघेला खाच पाड. उतरलं की कुनाला खरं वाटायचं नाय." आणि छातीभर पाण्यातून निघून जाता. मी हाताने वल्हवत माडाशी जाते. पाणी कंदिलाच्या खिळ्याला लागलंय, बरोबर खिळ्याला. आणि खिळ्याच्या वर, माझ्या तोंडासमोर, माडाला विळखा घालून एक धामण. भिजलेली, दमलेली, माझ्याकडेच बघतेय. ती चावली तरी विष नसतं, हे नवल तुम्ही मला तोपर्यंत सांगितलेलं नाही. मी दोर ओढत परत येते. मागून तुमची हाक येते, "पाडलीस का?"

मी म्हणते, "पाडली."

मग भात शिजून निवेल एवढा वेळ गेला. पाणी उतरायला लागलं. तुम्ही याल आणि बघाल म्हणून मी पुन्हा गेले. धामण थोडी वर सरकली होती, पण गेली नव्हती. खिळ्याशी हात न्यायची छाती झाली नाही. पाणी तोवर हातभर खाली गेलं होतं. पाण्याच्या रेघेला पाड म्हणाला होतात, मी पाण्याच्या रेघेला पाडली. तुम्ही आलात, चिखलाने माखलेले, म्हैस वाचलेली. खाच बघितलीत आणि माळ्यावरच्या डब्यातून सुकेळं काढलंत, आपल्याच राजेळी केळ्याचं, उन्हात सुकवून केळीच्या सोपटात बांधलेलं, त्या वर्षीचं शेवटचं. आईलासुद्धा दिलं नाहीत. मी सगळं खाल्लं. गोड होतं, काय सांगू! पुढे कोणीही आलं की तुम्ही त्याला माडाशी न्यायचात. "माझ्या पोरीनं पाडली, पानी बघून. हे पायलेलं आहे." आयुष्यभर स्वतःच्या डोळ्यांवाचून तुम्ही दुसऱ्या कोणाच्याही डोळ्यांना 'पाहिलेलं' म्हटलं नाहीत. माझ्याच डोळ्यांना म्हटलंत. मला लिहिता येत नाही. उभ्या जन्मात मी एक रेघ ओढली, तीही खोटी.

ही थांबली. पेन खाली ठेवून माझ्याकडे बघतेय.

"आजी, म्हणजे पाणी खिळ्यापर्यंत आलं होतं?"

"खिळ्याला लागलं होतं."

"आणि हे तू मला आता सांगतेस? पत्रात?"

"तुला कुठे सांगतेय? बाबांना सांगतेय. तू नुसती लिही."

तिने काही लिहिलं नाही. पळाली. मी इथूनच ऐकते. हातोडी थांबली. कॉन्ट्रॅक्टर ओरडतोय, गाडी गोखिवऱ्याहून निघाली, आता हातभर वर म्हणजे काय चेष्टा आहे? नातवाचा आवाज येतो. "गाडी परत पाठवा. फळ्या काढा." थोड्या वेळाने तो दारात आला, हात धुळीने पांढरे. म्हणाला, "आजी, नक्की ना? ऐकलेलं की पाहिलेलं?" तुमचे शब्द याला कोणी शिकवले? मीच शिकवले असणार.

"पाहिलेलं," मी म्हटलं. "या डोळ्यांनी. तेव्हा घाबरले होते."

तो चौकटीला हात टेकून उभा राहिला, आणि परत माडाकडे गेला.

आता ही पुन्हा लिहायला बसलीय, घामाघूम, आणि विचारते हे पत्र कुठे द्यायचं. कुठे नाही गं. तांदळाच्या डब्यात ठेव. तुमच्याकडे पोचलं तरी तुम्ही ते छत्रीसारखं कुठेतरी विसरून याल. आणि ऊठ, बाहेर ती माणसं तोंड पाडून बसली आहेत, आधी ठोकलेलं उचकटायचं म्हणजे हात जड होतात. भाकऱ्या टाक तांदळाच्या, सुकटीची चटणी कर, आणि फळीवरच्या डब्यातली सुकेळी त्यांना पाठव. सगळी पाठव. माझ्या वाटणीचं मागे ठेवू नकोस, मी माझं केव्हाच खाऊन बसलेय.