खोल टोकाची तोटी

प्रिय बेडके,

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. आपल्या घरात फोन म्हणजे तिघांची सभा. आई शेजारीच बसलेली असते आणि तिचे कान तुला माहीत आहेत. म्हणून लिहितोय.

परसातल्या पोहायच्या तलावाचं काम एकदाचं संपलं. महिनाभर घराचा नुसता उकिरडा झाला होता. प्लंबर आणि वायरमन यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एकाने भिंत फोडली की दुसऱ्याला नेमकी तिथेच वायर आठवायची. मी मध्ये उभा राहून दोघांनाही चहा पाजत होतो.

हा सगळा घाट आईसाठी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंच होतं की नजर कडेकडेने आटत जाणार, उपाय नाही. ऊन टाळा, उजेड भरपूर ठेवा. ऊन टाळायचं म्हणून ती संध्याकाळी पोहायला लागली, आणि तलावात तर एकच पिवळा दिवा पेंगत असायचा. जन्मभर शाळेतल्या पोरांना पोहायला शिकवलेली बाई. तिचं बाकी काहीही जावो, पोहणं जाता कामा नये, एवढंच मी धरून बसलो होतो. विचारलं की म्हणायची, कामापुरतं दिसतं हो मला. मी विश्वास ठेवला. तसं करणंच मला सोयीचं होतं.

दिवे बदलायचे तर पाणी उपसायचं, आणि उपसलंच आहे तर पाइपही नवे टाकू, असं प्लंबर म्हणाला. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, एक काम काढलं की त्याच्या शेपटाला आणखी चार. जुने लोखंडी पाइप आतून गंजून निम्मे बुजले होते. त्यामुळेच तर खोल टोकाची, पाणी सोडणारी ती तोटी सारखी खाकरायची. आठवते ना? तू तिला खोकणारे आजोबा म्हणायचीस आणि आजोबा रागावतील म्हणून त्या बाजूला फिरकायची नाहीस. आईने तुला पाठीवर घेऊन तिथवर नेलं, तोटीवर हात ठेवायला लावला, तेव्हा कुठे तू खोल पाण्यात उतरलीस.

ती काढायची म्हटल्यावर आई म्हणाली, राहू द्या ना. मी म्हटलं, अगं, दुपारी डोळ्याला डोळा लागू देत नाही ती. पुन्हा एकदा तेच म्हणाली. मला वाटलं, जुन्या वस्तूंचा लोभ. आता पाणी तळातून येतं, आणि पंप चालू आहे का हे हात लावून बघावं लागतं. प्लंबर खूश, मीही खूश.

पहिल्या संध्याकाळी वायरमनने प्लंबरशी मोठ्याने भांडता भांडताच बटण दाबलं आणि पाणी तळापर्यंत उजळलं. तळाची फरशी न् फरशी दिसत होती. आई पायरीवर कठडा धरून उभी होती. ती आता काय म्हणते म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "अहो, लावा ना आता दिवे."

वायरमन माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला हाताने गप्प केलं, बटण बंद केलं आणि पुन्हा दाबलं. खटका ऐकून ती म्हणाली, "छान आहेत."

मग पाण्यात उतरली. नेहमीसारखी सरळ निघाली आणि खोल टोकाची भिंत आली तरी थांबली नाही. कपाळाला हे एवढं टेंगूळ आलं. कोण जाणे कधीपासून ती त्या खोकल्यावरून अंदाज घेऊन वळत होती, आणि मी तो मोठ्या हौसेने काढून टाकला होता. बेडके, मला रडू आलं. डोळे तर मी देऊ शकत नाही, आणि होता तो आवाजही घालवला. प्लंबरला विचारलं, पुन्हा आवाज येईल असं काही करता येईल का? तो म्हणाला, काका, लोक मला आवाज घालवायला बोलावतात. तोटी भंगारात गेली होती, आणि नवी भिंत फोडली तर गळती लागेल म्हणाला. मी हात टेकले.

पुढे काही दिवस ती तलावाकडे फिरकली नाही. पाणी गार आहे म्हणे. मग एका संध्याकाळी मी खोल टोकाला पाय सोडून बसलो, गुडघ्यांना बरं वाटतं म्हणून सांगितलं, आणि मगाने पाणी उचलून ओतत राहिलो. ती उतरली, माझ्यापर्यंत आली आणि हातभर अंतरावर वळली. तेव्हापासून हे रोज चाललंय. मी काही विचारत नाही, ती काही सांगत नाही. फक्त मला उशीर झाला तर ती पायरीवर कठडा धरून उभी राहते आणि आज पाणी गार आहे म्हणते.

आता पत्राचं कारण. पुढच्या आठवड्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. गुडघा खरंच गेलाय, नुसता बहाणा नव्हता. त्यानंतर बरेच दिवस मला खाली बसता येणार नाही. तू ये. आईला सांग, बाबांची काळजी घ्यायला आले. माझं मी बघेन. तू संध्याकाळी खोल टोकाला बस आणि मगाने पाणी ओतत राहा. ती वळेपर्यंत हात थांबवू नकोस. आणि दिवे रोज लाव. खटका जरा जोरात वाजव. ती छान आहेत म्हणेल, तू हो म्हण.

तुझाच,
पाण्यात पाय सोडून बसलेला
बाबा