पलीकडचा गहू

४ फेब्रुवारी
माझा अजून विश्वास बसत नाही. पलीकडच्या देशाला गहू बंद! एक दाणासुद्धा द्यायचा नाही म्हणे!

परराष्ट्र समितीची मी अध्यक्ष, आणि मला हे कळलं कुठे? संसदेच्या कॅन्टीनमधल्या टीव्हीवर! कप हातातच राहिला. कॅन्टीनवाला म्हणाला, "बाई, चहा निवला."

सीमेवर गोळीबार झाला, कबूल. पण तिकडे लागोपाठ दुसऱ्या वर्षी पीक बुडालंय. उपाशी शेजारी शांत बसेल? ढोरं राखणाऱ्यालाही कळतं हे — वैरण संपली की जनावर कुंपण मोडतंच.

पक्षाध्यक्षांना फोन लावला. म्हणाले, "तुम्ही शेतातून आलात, तुम्हाला गव्हातलं कळतं. बाहेरच्या देशांचं आमच्यावर सोडा की." इतकी वर्षं समितीत घासली ती काय गंमत म्हणून?

६ फेब्रुवारी
ढब्बूशी बोलले. धाकटा भाऊ — पन्नाशी आली, तरी आमच्यासाठी ढब्बूच. मी राजकारणात आले तेव्हापासून शेत तोच बघतो. वाटलं, हा तरी पेटून उठेल. आमच्या भागातला निम्मा गहू पलीकडेच तर जातो!

म्हणाला, "सडू दे."

"अरे, काय बोलतोस?"

"ताई, माझा पोरगा सीमेवर उभा आहे. त्याच्यावर गोळ्या झाडणाऱ्यांची पोटं मी भरू?"

त्या पोराला ट्रॅक्टर चालवायला मी शिकवलंय. मला काय त्याची काळजी नाही?

९ फेब्रुवारी
बंदीच्या विरोधात मत दिलं. पक्षाचा आदेश मोडून. अख्ख्या सभागृहात विरोधाचे हात दोनच — एक माझा, दुसरा एका वयस्कर सदस्यांचा. त्यांना ऐकू कमी येतं. हात चुकून वर गेला की काय, विचारायचा धीर झाला नाही.

१० फेब्रुवारी
पक्षातून काढलं. समितीही गेली. दुपारी शिपाई दारावरची पाटी काढत होता. "स्क्रू गंजलेत बाई, निघत नाहीत," म्हणाला. मीच पेचकस धरला.

३ मार्च
निवडणूक तोंडावर. माझ्या जागी पक्षाने उमेदवार दिला.

ढब्बू!!

तीनदा वाचलं. त्याचाच फोटो. लग्नातला कोट घातलाय, बटणं ताणलेली. मला एका शब्दाने बोलला नाही!

५ मार्च
घरी गेले. तो ओट्यावरच बसला होता. मी तोंड उघडणार तोच आई म्हणाली, "आधी जेवा, मग भांडा." जेवलो.

"तुला तिकीट का दिलं, कळतंय ना?" मी विचारलं.

"कळतंय. तुझा भाऊ आहे म्हणून."

"मग घेतलंस कसं?"

"पोराचा बाप आहे म्हणून."

निघताना आईला विचारलं, मत कोणाला? म्हणाली, "गुप्त असतं म्हणे ते."

१९ मार्च
धान्यबाजारात त्याची सभा. मी मागे पोत्यांच्या थप्पीआड उभी. कधी चार माणसांत न बोललेला ढब्बू — काय बोलला! "माझी बहीण वाईट नाही. पण तिला परक्यांची लेकरं दिसतात, घरातलं दिसत नाही." टाळ्याच टाळ्या. हमाल माझ्याकडे वळून बघत होते. पोत्यावर बसले.

२ एप्रिल
हरले. आमच्या गावातसुद्धा.

११ एप्रिल
तो राजधानीत, मी शेतात. जागा बदलल्या आमच्या! नांगरणीला पहिल्या दिवशी सरळ तास पडेना. आई बांधावरून ओरडली, "भाषण करतेस की नांगरतेस?" बऱ्याच दिवसांनी हसले.

रात्री बातम्या लावत नाही मी. आई लावते. पलीकडून लोक कुंपण ओलांडून येताहेत, धान्याच्या गाड्या लुटताहेत. आई माझ्याकडे बघते. मी भाजी निवडते.

२८ एप्रिल
ढब्बूचा फोन. मी वावरात होते.

"ताई... पोराला धरून नेलंय त्यांनी. चौकीवरचे सगळेच."

मी ट्रॅक्टरवरून खाली उतरले.

"निरोप आलाय तिकडून. सरकारचा कोणी नको म्हणतात. गव्हासाठी मत दिलं होतं त्या बाईंना पाठवा, बोलू तर त्यांच्याशीच." मग रडायलाच लागला. "कोणत्या तोंडाने सांगू तुला?"

ट्रॅक्टर चालूच राहिलाय वावरात. गाडी यायची आहे. आई माझे कपडे भरतेय.