एका बटणात अकरा टँकर

३ मार्च, सोमवार
पाणी खात्यातली नोकरी. ३१ तारखेला कायम करणार की नारळ देणार, ते ठरेल. घरातली पहिली पदवीधर. माघार नाही.
आमच्या प्रोग्रॅममध्ये वस्त्यांच्या टाक्या नकाशावर ठिपक्यांनी दिसतात. त्यांची यादी काढून टँकरवाल्यांना पाठवायची, ते यादीप्रमाणे पाणी वाटतात. हेडक्लार्क दर सोमवारी तेरा क्लिक करतात, मग यादीवर लाकडी पट्टी ठेवून बेचाळीस वस्त्यांच्या बेचाळीस ओळी मोजतात. दया आली. स्क्रिप्ट लिहिणार. एक बटण, सगळी सेटिंग्ज आपोआप.

५ मार्च, बुधवार
स्क्रिप्ट तयार. उद्या तपासणार.

६ मार्च
तपासणी उद्या. हेडक्लार्क म्हणाले, पोरी, पट्टीखालून गेल्याशिवाय यादी बाहेर जात नाही. मी हसले. मोठ्यांना दुखवू नये.

८ मार्च, शनिवार
ऑफिसचा लॅपटॉप आणून आईला काम दाखवलं. एवढे ठिपके बघून ती गोंधळली, म्हणून फिल्टर लावून फक्त आमची गल्ली ठेवली. आई म्हणाली, टाकी कोरडी आहे हे यंत्राला कशाला विचारतेस, गच्चीवर जाऊन बघ की. तिला हळूहळू समजावेन.

१० मार्च, सोमवार, सकाळी १०
हेडक्लार्क गुडघ्यामुळे रजेवर. बटण दाबलं. चार सेकंदांत यादी रवाना. फाइल अगदी हलकी. सुटसुटीत कामाची खूण.
११.३० – आईचा फोन. गल्लीत खात्याचे अकराच्या अकरा टँकर उभे. शेजारच्या काकूने बादल्या, पातेली, फुलदाणीसुद्धा भरली. खात्याची तत्परता वाढली आहे.
११.४० – बाकीच्या वस्त्यांचेही फोन. आभार मानत असावेत.
१२ – साहेबांनी बोलावलं. कायम करण्याबद्दलच असणार.

११ मार्च
स्क्रिप्टमध्ये दोष नाही. ‘पडद्यावर दिसेल तेवढंच’ हे सेटिंग मीच निवडलं होतं, आणि शनिवारचा फिल्टर तसाच राहिल्याने पडद्यावर आमचीच गल्ली होती. हेडक्लार्क काल लंगडत आले, फोन करून टँकर वळवले. साहेबांना म्हणाले, चूक माझी, पट्टी खणात कुलूपबंद ठेवून गेलो.
 

३१ मार्च
नारळ नाही. कायमही नाही. तीन महिने मुदतवाढ. यादी मोजायचं काम माझ्याकडे.
आईला सांगितलं, ऑफिसने खास साधन दिलंय. तिने पिशवीत डोकावून पाहिलं. मग शिवणाच्या डब्यातून तशीच लाकडी पट्टी काढली. तिची सातवीत शाळा सुटली तेव्हाची.
म्हणाली, हीच ने. तुझ्या हेडक्लार्कांची त्यांना परत कर.